कूलर बंद करून ऐकलेला सिनेमा

मागच्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही घरी ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट लावला. आम्ही तो आधी पाहिला होता, घरच्यांनी पाहिला नव्हता. नागपूरचा मे महिना, म्हणजे कूलरशिवाय खोलीत बसणं अशक्य. पंधरा-वीस मिनिटं गेली आणि अम्मी म्हणाल्या, “बेटा, आवाज में कुछ ख़राबी है क्या? म्यूज़िक तो आ ही नहीं रहा.” आवाजात काही बिघाड नव्हता. त्या चित्रपटात पार्श्वसंगीतच नाही. पण कूलरच्या घरघरीत साक्षीदारांचे शब्द बुडत होते, हेही खरं होतं. शेवटी आम्ही कूलर बंद केला. उरलेला चित्रपट सगळ्यांनी घामाघूम होऊन, पण कान देऊन ऐकला.

चित्रपट ‘ऐकला’ असं आम्ही जाणूनबुजून म्हणतो. रुळलेल्या वाटेने न जाणारं संगीत किंवा चित्रपटातला वेगळ्या वळणाचा ध्वनी समोर आला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘कंटाळवाणं आहे’. दुसरी, ‘आर्ट फिल्म आहे, आपल्याला काय समजणार’. दोन्ही प्रतिक्रियांमध्ये ऐकायचं राहूनच जातं. अशा ध्वनीत दाद देण्यासारखं नेमकं काय असतं, आणि ते समजून घेण्याची गरज आपल्यासारख्या वाचकाला थोडी जास्तच का आहे, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी पार्श्वसंगीताचं काम काय ते पाहू. पडद्यावर एक माणूस रस्त्याने चालला आहे. खाली बासरी वाजली तर तो भला वाटतो. तंतुवाद्यांचा खर्जातला घुमारा आला तर त्याच्या पिशवीत काहीतरी भयंकर असणार असं वाटतं. माणूस तोच, रस्ता तोच, पिशवी तीच. आपण काही पाहण्याआधी, काही ऐकण्याआधी निकाल लागलेला असतो, आणि तो लावलेला असतो संगीताने. हे काम वाईटच असतं असं नाही. चांगला संगीतकार तेच काम फार हळुवारपणे करतो. पण तो आपल्या वतीने साक्ष देतो, हे विसरून चालत नाही.

या गोष्टीचा अनुभव आपल्याला वेगळा सांगावा लागू नये. हिंदी चित्रपटात मुसलमान पात्र पडद्यावर येतं तेव्हा पुष्कळदा त्याच्याआधी त्याचा ध्वनी येतो. अझानचा एक तुकडा, रबाब किंवा ऊदसारख्या वाद्याची एक लकेर, आणि पात्र संशयित असेल तर खाली तोच घुमारा. पात्र प्रेमळ असेल तर कव्वालीचा ठेका. त्याने तोंड उघडण्याआधीच तो कोण हे प्रेक्षकाला कळलेलं असतं. आमच्या वर्गातली मुलंसुद्धा टीव्हीसमोर डोळे मिटून ओळखतात, “सर, अब विलन आएगा.” हा विलन पुष्कळदा त्यांच्याच मोहल्ल्यातल्या माणसासारखा टोपी घातलेला असतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून जो दिग्दर्शक हा ठराविक ध्वनी काढून टाकतो, तो आपल्याला काहीतरी परत देतो, असं आम्हाला वाटतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला दोन पुरस्कार मिळाले. 2014 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला आणि एप्रिल 2015 मध्ये तो चित्रपटगृहांत आला. त्यातला नारायण कांबळे हा म्हातारा शाहीर रंगवला आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते पेशाने नट नव्हते. ते चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. 13 एप्रिल 2021 रोजी कोरोनाने नागपुरातच त्यांचं निधन झालं. या शहरात त्यांना सभांमधून ऐकलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि पडद्यावरचा कांबळे त्यांना परका वाटत नाही.

कथा एवढीच. वासुदेव पवार नावाचा गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरतो. आरोप असा की कांबळेने त्याच्या वस्तीत गाणं गायलं, त्या गाण्यात कामगारांनी गटारात गुदमरून जीव द्यावा असं होतं, आणि ते ऐकून पवारने आत्महत्या केली. म्हणजे आरोपी एक गाणं आहे. ते गाणं कोणी नीट ऐकलं, कोणाला त्यातले शब्द आठवतात, यावर एका माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून आहे. ज्या चित्रपटाचा विषयच ‘ऐकणं’ हा आहे, त्याने प्रेक्षकाच्या कानावर दुसरं काही न घालणं हे म्हणूनच योग्य आहे.

पवारच्या विधवेच्या साक्षीचा प्रसंग पाहा. बचावाचे वकील प्रश्न विचारतात आणि ती उत्तरं देते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. घाण सहन व्हावी म्हणून दारू प्यायचा. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगते. रडत नाही, हुंदका नाही, थांबणंही नाही. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इथे सारंगी आली असती. सारंगी आली असती तर आपण हळहळलो असतो, डोळे पुसले असते आणि झुरळ विसरलो असतो. इथे झुरळ विसरता येत नाही. अम्मींनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तेवढंच विचारलं, “वो तिलचट्टे वाली बात सच होती है क्या?” आमच्या मते या ध्वनियोजनेला याहून मोठी दाद नाही.

दुसरी गोष्ट, न्यायाधीशाचं टंकलेखकाला मजकूर सांगणं. साक्षीदार आपल्या बोलीत काही सांगतो. न्यायाधीश ते ऐकून इंग्रजीत, कोर्टाच्या ठाशीव वाक्यांत नोंदीसाठी सांगतो. एकच गोष्ट आपल्याला दोनदा ऐकू येते. एकदा माणसाच्या तोंडून, एकदा कागदाच्या तोंडून. या दोहोंमध्ये काय गळलं, हे आपल्या कानाला कळतं, कारण खाली दुसरं काही वाजत नाही. ज्याने कधी तलाठ्याकडे, पोलीस ठाण्यात किंवा शाळेच्या कार्यालयात आपली हकिकत सांगून मग तिची कागदावरची आवृत्ती वाचली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपटात संगीत अजिबात नाही असं मात्र नाही. जिथे खरोखर कोणी गातं, तिथे ते आहे. कांबळेची गाणी संभाजी भगत यांची आहेत. ती गोड नाहीत. शब्द गाण्यातून फेकल्यासारखे येतात, सूर ताणलेला आणि आवाज घासलेला. त्याच चित्रपटात सुखवस्तू वकील संध्याकाळी एका बारमध्ये परदेशी भाषेतलं मुलायम गाणं ऐकत बसतो. कोणतं संगीत चांगलं हे दिग्दर्शक सांगत नाही. पण एक गाणं गायल्यावर अटक होते आणि दुसरं ऐकताना ग्लास भरला जातो, हे आपण ऐकतो.

हा खरबरीत शाहिरी आवाज मराठी मुसलमानाला अनोळखी नाही. शाहीर अमर शेख (1916–1969) हे मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. तो आवाज बैठकीच्या गाण्याचे नियम पाळणारा नव्हता. त्याला हजारोंच्या गर्दीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं होतं, आणि आवाजाचा पोत त्या गरजेतून आला होता. दिवाणखान्याच्या मापाने मैदानातला आवाज मोजला तर तो बेसूरच ठरणार. म्हणून वेगळं संगीत ऐकताना पहिला प्रश्न ‘गोड आहे का’ हा नसावा. ‘हा आवाज कुठे उभा आहे आणि कोणाला हाक मारतो आहे’ हा असावा.

अशी उदाहरणं आणखी आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (2013) डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. हा ध्वनी आमच्या शाळेत रोज सकाळी असतो. पण तो त्या जागी ऐकला आणि आम्ही दचकलो. ‘सैराट’चं (2016) संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केलं, लोक त्यावर चित्रपटगृहात नाचले, आणि शेवटी एक लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा सगळा ध्वनी काढून घेतलेला असतो. इतका वेळ वाजलेलं थांबलं म्हणूनच ती शांतता कानठळ्या बसवते. इराणच्या अब्बास किआरोस्तमी यांच्या ‘क्लोज-अप’मध्येही (1990) एक खटला आहे. दिग्दर्शक मख्मलबाफ असल्याची बतावणी करणारा एक गरीब माणूस त्यात आरोपी आहे. शेवटी खरे मख्मलबाफ त्याला भेटतात आणि मोटरसायकलवर मागे बसवून नेतात, तेव्हा माइक बिघडल्यासारखा आवाज मधून मधून तुटतो. दोघांचं खासगी बोलणं आपल्याला पुरतं ऐकू येत नाही. ज्याची आधीच जगासमोर शोभा झाली, त्याला तेवढा पडदा मिळतो. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये (1963) नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही. ट्राउटोनियम नावाच्या विद्युत वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत, आणि भीती त्यांच्यातूनच येते.

याचा अर्थ जे जे विचित्र ते ते उत्तम असा नाही. अलीकडे स्पर्धेला पाठवायच्या लघुपटांत पाच मिनिटं नुसता पंखा फिरत राहतो आणि आपण त्याला खोल अर्थ चिकटवावा अशी अपेक्षा असते. आमची कसोटी साधी आहे. नेहमीचा ध्वनी काढल्यावर ऐकण्यासारखं काही उघडं पडलं का? झुरळ उघडं पडलं, डुक्कर निसटलं, तर तो वेगळेपणा सार्थ. काहीच उघडं पडलं नाही, तर ती फक्त गैरहजेरी.

या कसोटीवर ‘कोर्ट’सुद्धा एका ठिकाणी अडखळतो. सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट तिथे संपला असता तर बरं होतं. पण पुढे न्यायाधीश सहलीला गेलेला दिसतो. बाकावर डुलकी घेत असताना मुलं ओरडून त्याला उठवतात, तो एकाला थोबाडीत देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. प्रसंग अचूक आहे. पण इतका वेळ आमच्यावर सोपवलेला निकाल दिग्दर्शकाने इथे हळूच स्वतःकडे घेतला, असं आम्हाला वाटतं. वाद्य न वाजवताही पार्श्वसंगीत वाजवता येतं ते असं.

आता आपल्या घरच्या परंपरेकडे येऊ. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्या घराघरात आहे आणि तो आम्ही इथे सोडवणार नाही. पण कान तयार करण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. मुशायऱ्यात कोणी तरन्नुमने कलाम पेश करतो, कोणी तहत-उल-लफ्ज, म्हणजे चाल न लावता. जिगर मुरादाबादींचं तरन्नुम मशहूर होतं, कैफी आझमींचं तहत. तरन्नुममध्ये कमजोर शेरसुद्धा निभावून जातो. तहतमध्ये शब्दाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला जागं राहावं लागतं. ‘कोर्ट’ हा तहतमध्ये पढलेला चित्रपट आहे असं आम्ही अम्मींना सांगितलं तेव्हा त्यांना तो लगेच पटला. तिलावतीला संगीत म्हणण्याची आगळीक आम्ही करणार नाही. पण मक्तबमधलं सात-आठ वर्षांचं मूलही शिकतं की ‘मीम’ची खूण आली तर थांबायचंच आणि ‘ला’ची आली तर थांबायचं नाही, कारण चुकीच्या जागी थांबलं तर अर्थ बिघडतो. शांतता कुठे आहे यावर अर्थ ठरतो, हे ज्या समाजातल्या मुलांना लिहिता-वाचता येण्याआधी शिकवलं जातं, त्या समाजाने पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटाला कंटाळवाणं म्हणावं याचं आम्हाला नवल वाटतं.

यंदा आम्ही वर्गात एक छोटा प्रयोग केला. टीव्हीवरच्या मालिकेतला एक प्रसंग मुलांना आधी आवाज बंद करून दाखवला, मग आवाजासह. आधी विचारलं, “हा माणूस कसा आहे?” निम्मी मुलं म्हणाली चांगला, निम्मी म्हणाली माहीत नाही. आवाजासह दाखवल्यावर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, “बुरा आदमी है.” आम्ही विचारलं, “तुम्हें किसने बताया?” वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, बाजे ने.”