एका नावाच्या किती वाड्या?

फोनवरच्या नकाशात ‘आसनगाव’ शोधा. कल्याण–कसारा मार्गावरचं, शहापूर तालुक्यातलं स्टेशन दिसेल. पण आणखी एक आसनगाव डहाणू तालुक्यातही आहे. ‘शहापूर’ शोधलंत तर एक ठाणे जिल्ह्यात, एक बेळगाव शहरात आणि एक कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात. आता ‘कातकरवाडी’, ‘ठाकूरपाडा’ किंवा नुसतं ‘आदिवासीवाडी’ शोधून बघा. ठाणे, रायगड, पालघर असं करत बोट दुखेल, पण यादी संपणार नाही.

नावं दोन्हीकडे सारखीच आहेत, पण आसनगावचं सारखेपण आणि कातकरवाडीचं सारखेपण यांत मोठं अंतर आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांच्या नावांबद्दल एक निर्णय घेतला. हेतू चांगला होता. तरी तो निर्णय एखादी कविता किंवा कथा वाचावी तसा शब्दाशब्दाने वाचला, तर हे अंतर त्यातून निसटल्याचं दिसतं.

आधी आसनगाव. नावात ‘आसन’ आहे म्हणून बसायची जागा आठवते, पण रानाची ओळख असलेल्याला झाड आठवेल. आपल्याकडे असाणा नावाचं झाड आहे, कोवळ्या खोडावर काटे असलेलं. संस्कृतात ‘असन’ म्हणजे बिबळा. हिंदीत ‘आसन’ म्हणतात तो आपला ऐन. म्हणजे गावांच्या आधी झाडांनीच एकमेकांची नावं वाटून घेतली आहेत! याच रेल्वेमार्गावर उंबरमाळी आहे, तिथे उंबर आहे. जिथे जे झाड ठळक दिसलं, त्यावरून माणसांनी गावाला हाक मारली. दुसऱ्या तालुक्यातही तेच झाड उभं असेल आणि तिथल्या माणसांना तेच सुचलं असेल, तर यात कुणाचं काय बिघडलं?

जपानमध्येही हेच झालं. तिथली सर्वांत प्रचलित आडनावं आणि स्थळनावं घ्या. तानाका म्हणजे भातखाचरांच्या मधलं. यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं. नाकामुरा म्हणजे मधलं गाव. जुन्या काळी प्रांताच्या कारभाराचं ठाणं जिथे होतं, त्या जागेला फुचू म्हणायचे. म्हणून आज एक फुचू शहर टोकियोत आहे आणि दुसरं हिरोशिमा प्रांतात. त्याच हिरोशिमा प्रांतात फुचू नावाचं एक वेगळं छोटं नगरही आहे. या नावांनी गोंधळ होतो, पण तो टपालाचा, रेल्वेचा आणि नकाशाचा. तो सोडवायचे उपायही साधे असतात. आपल्याकडे फारसीतून आलेले बुद्रुक आणि खुर्द हे शब्द नेमके त्यासाठीच आहेत: मोठं आणि लहान. पुण्यात आंबेगाव बुद्रुक आहे आणि आंबेगाव खुर्दही. खुर्दमध्ये राहतो म्हणून कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

आता वाडीकडे या. ‘कातकरवाडी’ हा शब्द कातकरवाडीत उभं राहून सुचत नाही. तिथे सगळेच कातकरी, मग ओळख सांगायला तो शब्द कशाला लागेल? तो सुचतो गावातल्या चावडीवर किंवा दुकानाच्या पायरीवर उभं राहून, बोट लांब करून. ‘ते तिकडे राहतात ना, त्यांची वाडी.’ आसनगाव या नावात जागेवर काय आहे ते कळतं. कातकरवाडी या नावात तिथे कोण आहे ते कळतं, आणि सांगणारा तिथला नाही हेही कळतं. ‘कातकरी’ हा शब्द तरी कुठून आला? खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून. रानावरचा हक्क आटला, धंदा गेला, माणसं हंगामात वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. धंद्याचं नाव मात्र जमातीला चिकटलं आणि जमातीचं वाडीला.

अशा नावाची किंमत काय असते ते शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात दिसतं. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच भागातली. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं आहे. एकट्या भातसातून मुंबईचं जवळपास निम्मं पाणी जातं. पावसाळ्यात कोणता तलाव किती भरला हे मुंबईकर नावानिशी सांगतात. एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या टंचाईची बातमी येते, आणि तिचा साचा ठरलेला असतो: इतकी गावं आणि इतके पाडे, इतके टँकर. बातमीत जागा असली तर गावांची नावं येतात. पाडे बहुतेक वेळा आकड्यातच राहतात. तलावाला नाव, गावाला नाव, पाड्याला आकडा. एकाच तालुक्यात चार ठाकूरपाडे असतील, तर ‘ठाकूरपाड्यात टँकर आला नाही’ या तक्रारीतून ऐकणाऱ्याला नेमकं काय कळणार?

म्हणून डिसेंबर २०२० चा निर्णय महत्त्वाचा आहे. राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावं जातील. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं येतील. ‘महारवाडा’ हा शब्द कागदावरून पुसला जावा याबद्दल दुमत व्हायचं कारण नाही. पोराला शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना जात लिहावी लागते, ही लाज त्या पोराची नाही, आपली आहे.

पण जाणारी नावं पुन्हा सावकाश वाचा. त्या एका ओळीत निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत.

पहिली गोष्ट महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. ही गावाने गावकुसाबाहेर टाकलेल्या माणसांना दिलेली नावं आहेत. ती जायलाच हवीत.

दुसरी गोष्ट ब्राह्मणवाडा. बाहेरून साचा तोच: जात अधिक वाडा. पण कोकणातल्या जुन्या गावांत ‘आमचं घर ब्राह्मणआळीत’ हे वाक्य लोक किती सहज बोलतात ते ऐकून बघा. त्या नावाने कुणाची नोकरी गेल्याचं किंवा कुणाला भाड्याने खोली नाकारल्याचं ऐकिवात नाही. दोन्ही नावं एका ओळीत बसवली की कागदावर समता येते. पण एका नावाचं ओझं होतं आणि दुसऱ्याचा रुबाब होता, ही माहिती त्याच ओळीत बुडते.

तिसरी गोष्ट बौद्धवाडा. इथे निर्णय खरा अडखळतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर कोकणात आणि देशावर कितीतरी महारवाडे बौद्धवाडी झाले. ते नाव कुठल्या कार्यालयाने दिलं नव्हतं. लोकांनी दिलेलं नाव टाकलं आणि घेतलेलं नाव लावलं. ‘तुम्ही आम्हाला काय म्हणता’ याला ते ‘आम्ही स्वतःला काय म्हणतो’ असं उत्तर होतं. पुढे गावाने त्याही नावाचा जुना अर्थ लावला, हे खरं. पण म्हणून महारवाडा आणि बौद्धवाडा ही एकाच पेटीत टाकायची नावं होतात का? एक नाव लादलेलं आहे, एक कमावलेलं. खोडताना तरी ज्यांनी कमावलं त्यांना विचारायला हवं.

आता येणारी नावं बघा. ती सगळी आदराची आहेत. त्यांतली काही लोकांनी आधीच निवडलेली आहेत. भीमनगर महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात सापडतं, आणि ते कुठल्या यादीतून आलेलं नाही. गाव सोडून आलेल्या माणसांनी झोपड्या बांधल्या आणि आपणहून ते नाव लावलं. मुरबाडचा पोरगा अनोळखी शहरात उतरला आणि त्याला भीमनगरची पाटी दिसली, तर तिथे निदान पाणी मागता येईल हे त्याला कळतं. नाव सारखं आहे म्हणूनच ते कामाचं आहे. दोष सारखेपणात नाही याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण तेच भीमनगर एखाद्या वस्तीला कार्यालयाच्या यादीतून मिळालं, तर अक्षरं तीच राहतात आणि बोलणारा बदलतो. पूर्वी गाव ठरवायचं, आता कार्यालय ठरवतं. वस्तीतला माणूस तेव्हाही ऐकणारा होता आणि आताही ऐकणाराच आहे.

शिवाय भीती अशी की आठ-दहा वर्षांत नवं नावही खुणेचं होऊन जाईल. ‘समतानगरातला’ म्हटलं की समोरच्याने समजायचं ते समजावं. हे इतरत्र घडून गेलं आहे. त्यासाठी पुन्हा जपानकडे जावं लागेल, कारण तिथे ‘वाडी’ याच अर्थाच्या एका साध्या शब्दाची फार वाईट गोष्ट झाली.

जपानीत ‘बुराकु’ म्हणजे वस्ती, पाडा. उत्तरेकडच्या भागात आजही लोक आपल्या पाड्याला सहज बुराकु म्हणतात. जपानमध्ये जनावरं कापणं, कातडी कमावणं असली कामं करणाऱ्यांना अपवित्र मानत. त्यांना वेगळ्या वस्त्यांत राहावं लागे आणि त्यांच्यासाठी हीन अर्थाचे शब्द होते. १८७१ मध्ये सरकारी फर्मानाने ते दर्जे रद्द झाले, जुने शब्द कागदावरून गेले. मग त्या वस्त्यांना काय म्हणायचं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारदरबारी ‘विशेष बुराकु’ असा सभ्य शब्द रूढ झाला. थोड्याच काळात तोच शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला, आणि पश्चिम जपानात नुसतं ‘बुराकु’ म्हटलं तरी पुरू लागलं. १९२२ मध्ये या समाजाने सुइहेइशा ही आपली संघटना काढली. तिच्या जाहीरनाम्यात त्यांनी जुना हिणवणारा शब्दच छाती पुढे काढून स्वतःसाठी वापरला. आपल्याकडे ‘दलित’ या शब्दाचं पुढे जे झालं, ते आठवावं.

पुढचं जास्त अस्वस्थ करणारं आहे. १९७५ मध्ये उघड झालं की जपानभरच्या अशा वस्त्यांची यादी असलेलं एक पुस्तक चोरून विकलं जात होतं. त्यात वस्त्यांची नावं, घरांची संख्या, लोकांचे धंदे असा तपशील होता. २०० हून अधिक कंपन्यांनी ते विकत घेतलं होतं. नोकरीसाठी अर्ज आला की अर्जदाराचा पत्ता यादीत आहे का ते बघायचं. नावात जात नव्हती, पत्ता पुरेसा होता. २०१६ मध्ये जपानच्या संसदेने या भेदभावाविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी १९३० च्या दशकातली एक जुनी यादी पुन्हा छापून इंटरनेटवर टाकण्याचा प्रयत्न झाला, आणि तो रोखायला लोकांना न्यायालयात जावं लागलं.

म्हणजे शब्द बदलला तरी बोट दाखवणारा तोच राहिला, तर तो नव्या शब्दाकडे बोट दाखवतो. यावरून नावं बदलूच नयेत असं ठरत नाही. नाव बदलणं हे शेवटचं काम नव्हे, आणि ते दुसऱ्याने करून द्यायचं कामही नव्हे, इतकं मात्र ठरतं.

शहापूरसाठी दुसरी वाटही आहे, आणि ती कायद्यातली आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्यातले लोक ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा अशी मागणी करू शकतात. तसं झालं तर त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. ‘अमक्या गावापैकी ठाकूरपाडा’ ही ओळ जाऊन तिथे एक गाव उभं राहतं. ते गाव आपल्या पाण्याबद्दल, रानाबद्दल स्वतः ठराव करू शकतं, आणि आपल्या नावाबद्दलही बोलू शकतं. २०२० च्या निर्णयाची यादी खिशात ठेवून वस्तीत जाण्यापेक्षा, कोरा कागद घेऊन अशा ग्रामसभेत जाऊन बसणं जास्त उपयोगाचं.

तिथे नावांचा तोटा पडणार नाही. रानात राहणाऱ्या माणसांकडे प्रत्येक ओहोळाला, टेपाडाला, जुन्या झाडाला नाव असतं. त्यातलं एखादं ग्रामसभा निवडेल. कुणी क्रांतीनगर निवडेल. एखादा पाडा ठरवेल की आमची कातकरवाडीच राहू दे, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि तेही मान्य करावं लागेल. कदाचित दहा पाडे एकच झाड निवडतील आणि ठाणे जिल्ह्यात दहा उंबरपाडे होतील. त्या दहांना वेगळं ओळखायचा त्रास टपालखात्याने आणि नकाशावाल्यांनी घ्यावा. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्दसाठी तो कुणीतरी घेतलाच होता.