कुट्टक : एक उकल आणि साऱ्या उकली

समीकरणाची एखादी उकल सापडणे आणि त्याच्या साऱ्या उकली हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अध्यापनात हा फरक बहुधा निसटतो. शाळेत 'दोन चलांतील एका रेषीय समीकरणाला अनंत उकली असतात' असे सांगून आपण दोन-चार जोड्या काढतो व आलेखाकडे वळतो. महाविद्यालयात 'सामान्य उकल' आणि 'विशेष उकल' हे शब्द एकदम सूत्रात येतात आणि पाठ होतात. मधला दुवा कुठे आहे? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ. स. ११५०) कुट्टकाचे प्रकरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी एक साधा हिशेब घेऊ. उदगीरच्या बाजारात तूरडाळीची ३० किलोची लहान आणि ५० किलोची मोठी पोती आहेत असे समजा. बरोबर १००० किलो माल भरायचा आहे. लहान पोती क्ष व मोठी य मानल्यास समीकरण होते ३क्ष + ५य = १००. सगळी मोठी पोती घेतली तर ० व २० ही एक उकल झाली. ही विशेष उकल. आता ३ मोठी पोती उतरवा आणि ५ लहान चढवा. १५० किलो गेले, १५० आले, वजन तेच. ही अदलाबदल म्हणजे ३क्ष + ५य = ० या समीकरणाची उकल होय. ती न वेळा केली की क्ष = ५न, य = २० – ३न ही सामान्य उकल मिळते. पोती ऋण असू शकत नाहीत, म्हणून न ची किंमत ० ते ६ एवढीच. अनंत नव्हे, सातच मार्ग.

आता 'लीलावती'कडे वळू. तेथील उदाहरण असे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? भास्कराचार्य प्रथम तिन्ही संख्यांना १३ ने भागतात. उरते १७क्ष + ५ = १५य. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला जात नसेल, तर तो प्रश्नच सदोष, असे ते बजावतात. उकल आहे की नाही हे आधी पाहण्याची ही शिस्त आजच्या अनेक मार्गदर्शकांत आढळत नाही.

पुढे क्ष = ५, य = ६ ही उकल मिळते. ग्रंथ येथे थांबत नाही. गुणकात हार आणि लब्धीत भाज्य हव्या तितक्या वेळा मिळवावा, असा नियम येतो. म्हणजे २० व २३, ३५ व ४० याही उकलीच. मोंढ्यातील पोत्यांची अदलाबदल ती हीच.

याहून मोलाचा भाग स्थिरकुट्टकाचा. क्षेप १ मानून १७क्ष + १ = १५य सोडवले की ७ व ८ मिळतात. त्यांना ५ ने गुणले की ३५ व ४०. त्यांतून १५ व १७ दोनदा वजा केले की पुन्हा ५ व ६. क्षेप बदलला की विशेष उकल बदलते, मिळवायचा भाग मात्र तोच राहतो. रेषीयतेचे मर्म याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

तरीही प्रकरणात एक उणीव आहे. या रीतीने पुष्कळ उकली मिळतात हे ग्रंथ सांगतो. याखेरीज दुसरी उकल नाही, हे सिद्ध करीत नाही. सूत्ररूप ग्रंथात उपपत्ती नसणे हा त्या शैलीचा भाग होता आणि ते काम टीकाकारांकडे जाई. कोकणातील गणेश दैवज्ञांची 'बुद्धिविलासिनी' (इ. स. १५४५) ही 'लीलावती'वरील टीका उपपत्तींसाठीच नावाजली आहे. वर्गात मात्र टीकाकाराची जागा शिक्षकानेच घ्यायची असते. सिद्धता दोन ओळींची आहे. कोणत्याही दोन उकली समीकरणात घालून वजाबाकी करा. क्षेप नाहीसा होतो. गुणकांतील फरकाची १७ पट ही लब्धींतील फरकाच्या १५ पटीइतकी होते. १७ व १५ यांत सामाईक अवयव नाही, म्हणून गुणकांतील फरक १५ च्याच पटीत असणार. एकही उकल सुटली नाही.

ही वजाबाकी न शिकवल्यास नुकसान विद्यार्थ्याचे होते. पोत्यांच्या प्रश्नात कोणी क्ष = २० + ५न, य = ८ – ३न असे लिहिले, तर उत्तरसूचीशी ते जुळणार नाही आणि घाईत चूक ठरेल. वास्तविक ते तितकेच बरोबर आहे. न ची किंमत –४ ते २ घेतली की तेच सात मार्ग मिळतात. फक्त मोजणीचा आरंभ दुसऱ्या उकलीपासून झाला आहे. विशेष उकल कोणतीही चालते. तिला 'विशेष' म्हणतात ते ती एकमेव आहे म्हणून नव्हे. पुढे विकलक समीकरणे शिकताना हाच विचार जसाच्या तसा उपयोगी पडतो.

म्हणून कुट्टक हा केवळ प्राचीन वैभवाच्या भाषणात उल्लेखायचा विषय नाही. नियम 'लीलावती'तून घ्यावा, कारण आपण द्यावे, आणि दोन विद्यार्थ्यांची निराळी दिसणारी उत्तरे फळ्यावर शेजारी मांडून त्यांची वजाबाकी वर्गाकडून करून घ्यावी.