चवीपुरते मीठ

माझी एकतीस वर्षांची नोकरी परिपत्रके लिहिण्यात गेली. ती कुणाला कळली असतील असे मला वाटत नाही; पण वाईट लिहिलेला कागद दुरून ओळखण्याचा अधिकार मात्र मी त्यातून कमावला आहे. म्हणूनच परवा भाचा चाळीस पानांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हे जरा वाचून कसं लिहिलंय ते सांगा. मार्क द्या."

गठ्ठा होता एका एपीआयची माहितीपुस्तिका. एपीआय म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते असे समजून घेतले आहे: ही एक खिडकी. ठरल्या नमुन्यात अर्ज आत सारायचा, पावती येते किंवा अर्ज परत येतो. या खिडकीतून समाजमाध्यमांवर मजकूर टाकता येतो. मात्र अर्ज माणूस भरत नाही, एआय एजंट भरतो. पुस्तिकाही तोच वाचतो.

भाच्याच्या शिफारशीवरून आमच्या वाचनालयाने हे काम अशा एका एजंटाकडे दिले होते. गेल्या महिन्यात आमचे जुने ग्रंथपाल वारले. शोकसभेची सूचना पाच मिनिटांत तीन वेळा झळकली. त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा एकदाच गेले हो." मला काय बोलावे ते सुचेना.

घडले ते असे. पहिला अर्ज खिडकीने घेतला, पण पावती वेळेत आली नाही. एजंटाने पुस्तिका पाहिली. तिथल्या इंग्रजीचा मतितार्थ, "अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करावा." पावती न येणे म्हणजे अपयश का, प्रयत्न किती वेळा, आधीचा अर्ज पोचला असला तर? अवाक्षर नाही. पाककृतीत 'मीठ चवीपुरते' लिहितात तसे हे आहे. आमच्या घरात ते चालते, कारण सौ.ला जीभ आहे. एजंटाला जीभ नाही.

मास्टोडॉनची पुस्तिका भाच्याने तुलनेसाठी दाखवली. तिथे स्वच्छ सांगितले आहे की अर्जासोबत 'आयडेम्पोटन्सी-की' जोडा; त्याच किल्लीने तोच अर्ज पुन्हा आला तर दुसरी पोस्ट होणार नाही. नाव जिभेला जड, पण आहे आपला जावक क्रमांकच! किती अर्ज चालतील तेही तिथे आकड्यात आहे: पाच मिनिटांत ३००. आमच्या पुस्तिकेत काय? "वाजवी वापर करावा."

दुसरा दोष आपल्या लिपीला बाधणारा. मजकुरात दुवा कुठून कुठपर्यंत, हे आकड्यांनी सांगायचे असते. पुस्तिका म्हणते, "सुरुवात म्हणजे जिथे दुवा सुरू होतो ती जागा, शेवट म्हणजे जिथे तो संपतो ती." तत्त्वज्ञान म्हणून उत्तम! पण मोजायचे काय, अक्षरे की बाइट? ब्लूस्काय हे उघड सांगते: मोजणी यूटीएफ-८ च्या बाइटांत. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'सभा' या शब्दात स, भ आणि काना मिळून नऊ. इंग्रजीत दोन्ही मोजण्या जुळतात, म्हणून लिहिणाऱ्याला शंकाच आली नसावी. आमच्या एजंटाने चिन्हे मोजली, खिडकीने बाइट. वाचनालयाच्या पत्त्याखाली यायची निळी रेघ बरीच आधी, दिवंगतांच्या नावाखाली पडली.

तिसरा दोष मात्र हसण्यासारखा नाही. जादा प्रती काढायला सांगितले. पुस्तिकेत त्या कामाचे वर्णन एका ओळीचे, "पोस्ट काढून टाकते." काढलेली परत येत नाही आणि तिच्याखालचे अभिप्रायही जातात, हे कुठेच नाही. एजंटाने शेवटची प्रत ठेवली आणि पहिल्या दोन काढल्या. आठवणी लोकांनी पहिलीखाली लिहिल्या होत्या. मुलगी त्या उतरवून घेणार होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, २०२५ सालापासून, 'हे काम विध्वंसक आहे' अशी खूण साधनावर लावायची सोय आहे. खूण लावली की सगळे टळते असे नाही. पण विजेच्या खांबावर कवटीचे चित्र असते, ते काय उगीच?

गुणही सांगतो, नाहीतर परीक्षक खाष्ट ठरेल. अनुक्रमणिका नेटकी आहे. परवानगीची किल्ली कशी मिळवायची ते पायरीपायरीने दिले आहे. पहिले उदाहरण जसेच्या तसे चालते, असे भाचा सांगतो. शंभरात पस्तीस. पास, पण वरच्या वर्गात पाठवताना पालकांना बोलावून घ्यावे असा.

भाचा म्हणाला, "शेवटी शेरा लिहा." मी लाल पेन उचलले आणि सवयीने लिहिले, "योग्य त्या सुधारणा कराव्यात." आणि थबकलो. एकतीस वर्षे मी "योग्य ती कार्यवाही करावी" असेच लिहीत आलो. दर वेळी कुणीतरी कारकून दारात उभा राहून विचारायचा, "साहेब, योग्य म्हणजे नक्की काय करू?" मी चिडायचो. माझी परिपत्रके त्याच्यामुळे निभावली, हे आत्ता कळते आहे. या पुस्तिकेच्या वाचकाने कुणालाच काही विचारले नाही. समजले तसे केले, तेही तीन वेळा.

मी ते वाक्य खोडले आणि एक, दोन, तीन असे आकडे घालून सुधारणा लिहायला बसलो.