निवडीची किंमत : ॲक्शन रोल-प्लेइंग गेममधल्या ‘बिल्ड’विषयी

मागच्या वेळी आपण ‘नियम म्हणजे काय’ इथपर्यंत आलो होतो. आज तोच धागा ॲक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये घेऊन जाऊ. हे गेम ज्यांनी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एक पात्र घेता, राक्षसांच्या झुंडी मारता. लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात, वाटेत शस्त्रं-चिलखतं सापडतात. पॉइंट कुठे घालायचे, कुठलं स्किल घ्यायचं, अंगावर काय चढवायचं, या सगळ्याची जी एक जुळणी होते तिला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. प्रश्न असा की, एखादा बिल्ड ‘क्रिएटिव्ह’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

पहिलं उत्तर ठरलेलं असतं : भरपूर पर्याय असले की निर्मिती होते. मला हे पटत नाही. पर्याय बाजारातही भरपूर असतात, म्हणून खरेदी ही काही कला होत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा आशय असा की, गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेऊन ते पार करणं म्हणजे खेळणं. म्हणजे अडथळा हा खेळाचा शत्रू नाही, तो खेळाचा कच्चा माल आहे. बिल्डचंही तसंच आहे.

उदाहरण घेऊ. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा गेम, २०१३ सालचा. त्यात ‘राइचस फायर’ नावाचं एक स्किल आहे. ते चालू केलं की तुमच्याभोवती आग लागते, जवळ येणारे शत्रू भाजतात, आणि तुम्हीही भाजता. किती? दर सेकंदाला तुमच्या एकूण लाइफच्या ९० टक्के! समजा लाइफ ५००० आहे, तर सेकंदाला ४५०० जाणार. सेकंदाभरात लाइफ जवळजवळ संपलंच. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, हे स्किल घेऊ नये.

आता बघा काय होतं ते. ही आग आहे, तेव्हा आगीचा रेझिस्टन्स तिला लागू पडतो. त्याची नेहमीची मर्यादा ७५ टक्के. म्हणजे ९० टक्क्यांतला चौथा हिस्सा उरला, साडेबावीस टक्के. ही मर्यादा खटपट करून वाढवता येते, जास्तीत जास्त ९० पर्यंत. तिथे पोचलात तर उरतात फक्त ९ टक्के, आपल्या उदाहरणात सेकंदाला ४५०. आणि लाइफ दर सेकंदाला काही टक्क्यांनी भरून काढण्याची सोयही गेममध्ये आहे. ते भरणं जळण्यापेक्षा जास्त झालं की तुम्ही कायमचे पेटलेले राहता आणि मरत नाही. वर शत्रूंना बसणारा चटका तुमच्या लाइफवरच मोजला जातो. म्हणजे जगण्यासाठी जमवलेलं लाइफ हेच हत्यार झालं. साधारणपणे जगण्याची तजवीज आणि मारण्याची ताकद यांत ओढाताण असते. इथे बरीचशी तजवीज हीच ताकद होते.

इथे नवीन काय निर्माण झालं? नियम एकही मोडला नाही, नवा नियम आणला नाही. एका नियमात लिहिलेली शिक्षा दुसऱ्या दोन नियमांच्या साहाय्याने भांडवल करून टाकली. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे : बिल्डमधली निर्मिती पर्याय निवडण्यात नाही, नियमाची किंमत नीट वाचण्यात आहे.

आपल्याकडे व्याकरणाच्या परंपरेत उत्सर्ग आणि अपवाद अशी जोडी आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. अपवाद त्याला त्याच्या जागेपुरता बाजूला सारतो. या गेममधले ‘कीस्टोन’ म्हणजे असे अपवाद. ‘केऑस इनॉक्युलेशन’ घेतलं की तुमचं लाइफ जास्तीत जास्त १ होतं, आणि त्या बदल्यात केऑस डॅमेज तुम्हाला लागतच नाही. मग एनर्जी शील्डवर जगायचं. एका ओळीचा अपवाद, पण सगळ्या पात्राची फेरमांडणी करावी लागते. जुन्या ‘डायब्लो २’ मध्येही ही गंमत होती. ‘बीस्ट’ हा रूनवर्ड ज्या शस्त्रात बसवाल ते शस्त्र कुणालाही अस्वल होण्याची विद्या देतं. लोकांनी ते जादूगारणीच्या हाती दिलं, तिने आधी ‘एन्चॅन्ट’ने आपल्या वारात आग भरून घेतली आणि मग अस्वल होऊन हाणामारी केली. लांबून मंत्र टाकणारी बाई पंजाने मारते आहे!

आता टीकेकडे येतो. किंमत हा कच्चा माल असेल, तर किंमत किती असावी?

‘डायब्लो २’ आला २००० साली. त्यात एकदा घातलेला पॉइंट परत मिळत नसे. चुकलात तर नवं पात्र. २०१० च्या मार्चमध्ये आलेल्या १.१३ पॅचने पॉइंट परत घेण्याची सोय दिली, पण मोजकी. २०१२ च्या ‘डायब्लो ३’ ने दुसरं टोक गाठलं. स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे आपोआप वाढणार, स्किल हवं तेव्हा बदला. वरवर पाहता केवढं स्वातंत्र्य! पण पुढे त्यात जे कपड्यांचे संच आले, ते एखाद्या ठरावीक स्किलचं डॅमेज हजारो टक्क्यांनी वाढवतात. म्हणजे बिल्ड शिंप्याने आधीच शिवून ठेवलाय, आपण तो कपाटातून काढून घालायचा. दार उघडं आहे, पण जायला जागा एकच.

मग ‘पाथ ऑफ एक्झाइल’ निर्दोष आहे का? नाही. त्याच्या पॅसिव्ह ट्रीवर हजाराहून जास्त ठिपके आहेत आणि चूक निस्तरणं महाग पडतं. याचा परिणाम काय? बहुसंख्य लोक प्रयोगच करत नाहीत, कुणाचं तरी गाइड उघडतात आणि ठिपक्यामागून ठिपका गिरवतात. किंमत शून्य असली की निवडीला वजन नाही. किंमत डोईजड झाली की निवड दुसऱ्याच्या हवाली होते. दोन्हीकडे खेळणारा गायब! मला विचाराल तर १.१३ नंतरचा ‘डायब्लो २’ या बाबतीत जास्त समंजस आहे. तिथे चुकीचा दंड आहे, जन्मठेप नाही.

तुम्ही म्हणाल, गाइड बघून खेळणाऱ्याला तुम्ही कमी लेखता. अजिबात नाही. गाणं शिकणारा बंदिश गुरूकडूनच घेतो, स्वतः रचत नाही. पण काही वर्षांनी तीच बंदिश तो आपली म्हणून मांडतो, कारण अमुक स्वर तिथेच का, हे त्याला कळलेलं असतं. बिल्डला हीच कसोटी लावा. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये साधारण तीन-चार महिन्यांनी नवी लीग येते आणि आकडे बदलतात. ज्याला राइचस फायरमधले ते टक्के कळलेत, तो रेझिस्टन्स इकडून, रीजनरेशन तिकडून असं करत आपला बिल्ड दुरुस्त करतो. ज्याने नुसतं गिरवलं, तो नवीन गाइडची वाट बघत बसतो. दोघांचे बिल्ड काल हुबेहूब सारखे होते. फरक पडद्यावर दिसत नव्हता, तो नियम बदलल्यावर दिसला.

आणि हे फक्त गेमपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. करिअर, गुंतवणूक, मुलांचं शिक्षण, प्रत्येकासाठी आज तयार गाइड मिळतं. ते वापरावं, माझी ना नाही. पण त्यातल्या प्रत्येक ठिपक्याची किंमत काय आणि ती कोण मोजतंय, हे वाचायला कुठेतरी शिकावं लागतं. चांगला गेम ते स्वस्तात शिकवतो. म्हणून गेम बनवणाऱ्यांकडे मी जास्त पर्याय मागत नाही. प्रत्येक पर्यायावर त्याची किंमत स्पष्ट लिहा, आणि ती आम्हाला परवडेल एवढी ठेवा, इतकंच मागतो.

थांबतो इथे. प्रश्न असतील ते घेऊ.