कावळा, फांदी आणि गव्हर्नर

२०१२ हे अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांमध्ये एक दावा जोरात फिरत होता. २०१० च्या निवडणुकीत ज्या ज्या राज्यांत नवा रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला, त्या प्रत्येक राज्यात बेरोजगारी घटली आहे, असा तो दावा. आकडे सरकारी होते आणि तपासले तर बरोबर निघत होते. एकही अपवाद नाही म्हटल्यावर ऐकणारा आणखी काय विचारणार? मला या दाव्यात रस वाटतो तो नेमका यामुळेच. त्यातला एकही आकडा खोटा नाही, आणि तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष उभा राहत नाही. असे का होते, आणि मुळात गव्हर्नरचा पक्ष राज्याच्या बेरोजगारीवर परिणाम करतो का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेले राज्यपाल. अमेरिकेतील गव्हर्नर थेट मतदारांनी निवडलेला असतो, राज्याचे अंदाजपत्रक मांडतो, विधेयकांवर नकाराधिकार वापरतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. म्हणून या लेखात ‘राज्यपाल’ हा शब्द मी टाळला आहे.

आता तो दावा पाहू. अमेरिकेचा राष्ट्रीय बेरोजगारी दर मंदीच्या काळात चढत चढत ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोचला. तिथून तो उतरू लागला आणि २०१२ च्या अखेरीस ८ टक्क्यांच्या किंचित खाली आला. म्हणजे २०११ च्या जानेवारीत ज्यांनी शपथ घेतली, ते सगळे उतरत्या जिन्यावरच उभे होते. डेमोक्रॅटिक गव्हर्नर असलेल्या बहुतेक राज्यांतही याच काळात बेरोजगारी घटली. दाव्यात तेवढी ओळ गाळलेली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढेच. फरक इतकाच की इथे एकाच वेळी अनेक कावळे बसले, म्हणून योगायोग नियमासारखा दिसू लागला.

याला एक विनोदी बाजूही होती. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक आपल्या राज्यात रोजगार कसा सावरतो आहे हे सांगत होते. आणि त्याच ओहायोत त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी ओबामांनी अर्थव्यवस्थेची वाट लावली म्हणून मते मागत होते. सुधारणा झाली तर ती राज्याची आणि दुरवस्था असेल तर ती वॉशिंग्टनची, ही वाटणी दोन्ही पक्षांना सारखीच सोयीची असते.

मिशिगनचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्याजोगे आहे. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगावर जगणाऱ्या या राज्यात २००९ साली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या आसपास गेली. तेव्हा गव्हर्नर होत्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेनिफर ग्रॅनहोम. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेल्या आणि संघराज्य सरकारच्या पैशावर पुन्हा उभ्या राहिल्या. ही मदत डिसेंबर २००८ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी सुरू केली आणि डेमोक्रॅटिक अध्यक्ष ओबामांनी वाढवली. ग्रॅनहोम यांनी पद सोडले तोवर दर ११ टक्क्यांजवळ आला होता. मग रिपब्लिकन रिक स्नायडर आले आणि पुढची घसरण त्यांच्या खात्यावर जमा झाली. आयत्या बिळावर नागोबा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते स्नायडर यांच्यावर अन्याय करणारे होईल, कारण ग्रॅनहोम यांच्या काळातली चढणही त्यांची स्वतःची नव्हती. बीळ दोघांपैकी कोणीच खणले नव्हते.

पक्षाची कसोटी याच काळातल्या दुसऱ्या जोडीवरही लावून पाहता येते. २०१० साली देशातील सर्वांत जास्त बेरोजगारी असलेल्या राज्यांत नेवाडा होते, दर १३ टक्क्यांच्या वर. सर्वांत कमी बेरोजगारीच्या राज्यांत नॉर्थ डकोटा, दर सुमारे ४ टक्के. गव्हर्नर दोन्हीकडे रिपब्लिकन. नेवाडात घरबांधणीचा फुगा फुटला होता; नॉर्थ डकोटात बाकन या खडकाच्या थरातून नव्या तंत्राने तेल निघू लागले होते. दहा वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, कोविडमुळे लास व्हेगासचे कॅसिनो बंद पडले आणि नेवाडाचा दर ३० टक्क्यांच्या आसपास गेला. तेव्हा तिथे गव्हर्नर डेमोक्रॅटिक होते. जमिनीखाली तेल आहे की जमिनीवर जुगारगृहे, याचे उत्तर मतपेटीतून येत नाही.

इथवरची टीका सोपी होती. प्रचारातले दावे खोडून काढले म्हणजे मूळ प्रश्न निकाली निघाला असे होत नाही. एकेका राज्याची उदाहरणे दोन्ही बाजूंना हवी तितकी सापडतात. शिवाय इथे एक खरी अडचण आहे. मतदार अर्थव्यवस्था पाहून मत देतात. बेरोजगारी वाढली की सत्तेतला पक्ष पडतो. मग नव्या पक्षामुळे बेरोजगारी बदलली, की बेरोजगारीमुळे पक्ष बदलला, हे वेगळे कसे करायचे?

संशोधकांनी यावर एक चांगली युक्ती शोधली आहे: काठावरच्या निवडणुका. वॉशिंग्टन राज्यात २००४ साली रिपब्लिकन डिनो रॉसी पहिल्या दोन मोजण्यांत पुढे होते. तिसऱ्या, हाताने केलेल्या मोजणीत डेमोक्रॅटिक ख्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ मतांनी विजयी ठरल्या. मतदान झाले होते २७ लाखांहून अधिक. अशा निकालात नाणेफेकीहून फार वेगळे काही नसते. बोईंगचे कारखाने, मायक्रोसॉफ्टची कार्यालये, बंदरे, सफरचंदाच्या बागा, सगळे निकालाच्या आदल्या दिवशी होते तसेच दुसऱ्या दिवशी असते. बदललेला असतो तो फक्त पक्ष. अशा निसटत्या विजयांची आणि निसटत्या पराभवांची तुलना केली, तर पक्षाचा परिणाम बऱ्यापैकी सुटा दिसू शकतो.

ऑस्ट्रेलियाचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू ली यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे केले. १९४१ ते २००२ या काळातील अमेरिकी राज्यांची आकडेवारी त्यांनी घेतली आणि किमान वेतनापासून गुन्हेगारीपर्यंत ३२ बाबी तपासल्या. त्यांपैकी २६ बाबतींत गव्हर्नरच्या पक्षाने लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. करांचे दर, सरकारी नोकरांची संख्या, मुलांचे परीक्षेतील गुण, कशातच नाही. ज्या थोड्या बाबतींत फरक दिसला, त्यांत मात्र बेरोजगारी आहे: डेमोक्रॅटिक गव्हर्नरांच्या काळात ती काहीशी कमी.

म्हणजे २०१२ च्या दाव्याच्या नेमके उलट. पण म्हणून डेमोक्रॅटिक समर्थकांनी हा निबंध झेंड्यासारखा मिरवावा का? मला तसे वाटत नाही. शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने फरक दिसेल, अशी प्रचलित कसोटी लावून ३२ गोष्टी तपासल्या, तर काहीही नसताना एक-दोन ठिकाणी फरक दिसणारच. सहा ठिकाणी दिसला, तो योगायोगाच्या हिशेबापेक्षा जास्त आहे. पण त्या सहांतला अस्सल कोणता आणि योगायोगाचा कोणता, हे निबंध सांगू शकत नाही. स्वतः ली यांनीही आपला निष्कर्ष संयमाने मांडला आहे. गव्हर्नर एकंदरीत विचारसरणीला फारसे चिकटून वागत नाहीत, असे ते म्हणतात. ते पुढे मजूर पक्षातर्फे ऑस्ट्रेलियाच्या संसदेत गेले, हे लक्षात घेता हा संयम मला अधिकच मोलाचा वाटतो.

गव्हर्नरच्या हातात काय आहे हे पाहिले, तर या निष्कर्षाचे नवल वाटत नाही. व्याजदर फेडरल रिझर्व्ह ठरवते. मंदीत कर्ज काढून खर्च वाढवावा, तर जवळपास सर्व राज्यांवर अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी चार वर्षांत खासगी क्षेत्रात अडीच लाख नव्या नोकऱ्या देण्याचे वचन दिले होते. पहिल्या कारकिर्दीत ते पुरे झाले नाही, आणि तरी त्याच काळात राज्याचा बेरोजगारी दर मात्र उतरला. शेजारच्या मिनेसोटात डेमोक्रॅटिक मार्क डेटन यांनी श्रीमंतांवरचा आयकर वाढवला. दर तिथेही उतरला.

इथे माझा खरा आक्षेप सुरू होतो, आणि तो गंभीर संशोधनालाही थोडासा लागू पडतो. आपण पक्षाची तपासणी इतक्या काटेकोरपणे करतो, पण ज्या आकड्यावर ती करतो त्याची करत नाही.

बेरोजगारीचा दर काम नसलेल्या सगळ्यांना मोजत नाही. अमेरिकी व्याख्येनुसार ज्याने गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष काम शोधले, तोच बेरोजगार. शोधून थकलेला माणूस या हिशेबातून बाहेर पडतो आणि त्याच्या बाहेर पडण्याने दर सुधारतो. राज्य सोडून गेलेलाही तसाच. ऑलिव्हिए ब्लँचार्ड आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की एखाद्या राज्यातले रोजगार बुडाले, तर तिथला दर काही वर्षांत पूर्वपदावर येतो. पण गेलेल्या नोकऱ्या परत येतात म्हणून नव्हे, मुख्यतः माणसे निघून जातात म्हणून. २००० ते २०१० या दोन जनगणनांच्या दरम्यान लोकसंख्या घटलेले एकच राज्य होते, मिशिगन. त्या राज्याच्या उतरत्या दराचे श्रेय दोन गव्हर्नरांत वाटताना सामान बांधून निघून गेलेल्यांचा वाटा कोणी धरत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात हे अधिक उघडपणे दिसले. २०१३ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर पॅट मॅकक्रोरी यांनी बेकारी भत्त्याच्या कपातीवर सही केली. आठवड्याचा कमाल भत्ता ५३५ डॉलरवरून ३५० वर आला. संघराज्य सरकारचे कर्ज लवकर फेडायचे आहे, हे कारण. या बदलामुळे दीर्घकाळ बेकार असलेल्यांना मिळणारी संघराज्याची मदतही त्या राज्यात १ जुलैला थांबली आणि सुमारे ७० हजार माणसांचा भत्ता एकदम बंद झाला. पुढच्या महिन्यांत बेरोजगारीचा दर वेगाने घसरला. समर्थक म्हणाले, भत्ता थांबताच लोक कामाला लागले. विरोधक म्हणाले, भत्त्यासाठी काम शोधत असल्याचे दाखवावे लागे, ते आता संपले. लोकांनी शोधणेच सोडले. वाद रंगला. पण दराच्या उतरत्या रेषेत ही दोन्ही माणसे, काम मिळालेला आणि आशा सोडलेला, एकसारखीच दिसतात.

कॅन्ससमध्ये याची दुसरी बाजू आहे. सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये मोठी करकपात केली. तिजोरी इतकी आटली की २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार झुगारून ती बहुतांशी मागे घेतली. या काळात कॅन्ससचा बेरोजगारी दर राष्ट्रीय दरापेक्षा कमीच होता. केवळ तो पाहणाऱ्याला या राज्यात काही बिनसले आहे, याचा पत्ताही लागला नसता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: गव्हर्नरच्या पक्षाचा बेरोजगारीच्या दरावर परिणाम असलाच तर तो इतका लहान आहे की राष्ट्रीय तेजी-मंदी आणि राज्यातील उद्योग यांच्या गोंगाटात तो खात्रीने ऐकू येत नाही. पण यावरून ‘कोणीही निवडून आले तरी सारखेच’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. भत्ता किती, किती आठवडे, कोणाला, हे गव्हर्नर आणि विधिमंडळ मिळून ठरवतात आणि त्याने घरातली चूल पेटते किंवा विझते. ज्या आकड्यावर गव्हर्नरचा हात सर्वांत कमी चालतो त्याचे श्रेय त्याला सर्वांत जास्त मिळते, आणि ज्या निर्णयावर त्याची स्वतःची सही असते त्याचा जाब क्वचितच विचारला जातो.

आपल्याकडेही निवडणुका आल्या की अमक्या मुख्यमंत्र्याच्या राज्यात बेरोजगारी इतकी आणि तमक्याच्या राज्यात तितकी, असे तक्ते फिरू लागतात. तक्ता हाती आला की मी हल्ली तीन गोष्टी विचारतो. त्याच काळात शेजारच्या राज्यांत काय झाले? राज्य सोडून किती गेले? आणि शोधणे थांबवलेला माणूस यात कुठे मोजला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मिळतात. तिसऱ्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.