राजीनाम्याची बातमी

22 जून 2022 च्या रात्री उद्धव ठाकरे 'वर्षा' सोडून 'मातोश्री'वर गेले, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे गाडीत चढणाऱ्या बॅगांवर रोखलेले होते. 29 जूनला त्यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. मग 'भावुक', 'संयत', 'पाठीत खंजीर' हे शब्द सुरू झाले. आमची तारोडी ठाणे जिल्ह्यातली आणि एकनाथ शिंदे यांचे बळही याच जिल्ह्यातले. तरी इथल्या नाक्यावर मी ऐकली ती चर्चा घरच्या भाऊबंदकीसारखीच होती. कोणी दगा दिला, कोणाचा गळा दाटला, एवढेच.

राजीनामा ही राजकीय कृती असते, तिचे परिणाम असतात. बहुमत चाचणीला सामोरे न जाता तो दिला गेला. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले, की ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही. त्या रात्री मी ऐकलेल्या चर्चांत हा मुद्दा आला नाही. अडीच वर्षांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यांचे काय झाले, हा प्रश्न तर कोणाच्या मनालाही शिवला नाही. प्रस्थापित पत्रकारिता जाणाऱ्याचे डोळे बघते, त्याचे दप्तर उघडत नाही. उघडले असते तर सहानुभूती आणि संताप दोन्ही अडचणीत आले असते.

याच्या नेमकी उलट कृती बाबासाहेबांची आहे. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. 10 ऑक्टोबरला ते संसदेत निवेदन करणार होते. उपसभापतींनी प्रत आधी मागितली, वेळ सायंकाळची दिली. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्यात भावनेला आवाहन जवळजवळ नाही. आहेत ती कारणे, एकामागून एक. कायद्याखेरीज दुसरे खाते नाही. अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष. काश्मीर आणि परराष्ट्र धोरण, आणि त्यापायी 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर. समित्यांनी ठरवायचे आणि मंत्रिमंडळाने नोंद करायची अशी कामाची रीत. आणि शेवटी हिंदू कोड बिल. आजारपणामुळे गेलो असे कोणी समजू नये, हेही त्यांनी बजावले. लोक कारणाऐवजी प्रकृतीची चौकशी करतात, हे त्यांना ठाऊक होते!

पण लोकांच्या स्मरणात काय उरले? फक्त हिंदू कोड बिल. पांढरपेशा समाजाला ते परवडते. त्यातला सुधारक त्याला पुतळ्यासारखा मिरवता येतो. दुसरे कारण परवडत नाही. दिल्ली आणि आसपासच्या गावांतून शेकडो अस्पृश्य माणसे सवर्णांच्या जुलमाच्या कहाण्या घेऊन आपल्याकडे येतात, पोलीस त्यांची तक्रारच नोंदवून घेत नाहीत, असे तिथे लिहिले आहे. हे लिहिणारा देशाचा कायदामंत्री होता. तो पदावर असताना ठाण्यात फिर्याद घेतली जात नव्हती. ही बातमी नव्हे तर काय?

आणि प्रस्थापितांनाच का दोष द्यावा? आपल्या व्याख्यानमालांत दर वर्षी हिंदू कोड बिलावर एक तरी व्याख्यान असते. त्या दुसऱ्या कारणावरचे व्याख्यान मी अजून ऐकलेले नाही.