कादंबरीची खतावणी

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगच्या दारात रात्रीसुद्धा गाड्यांची रांग लागते. माझी उमेदीची वर्षं त्या रांगेच्या टोकाला, वजनकाट्याच्या खोलीत गेली. भरलेली गाडी काट्यावरून आत जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते. या दोन वजनांच्या मधल्या वेळात मी कादंबऱ्या वाचल्या. एकदा हातात ‘ययाती’ होती. शिरपूरकडचे एक म्हातारे शेतकरी पावतीसाठी थांबले होते. ‘‘काय वाची ऱ्हायना, भाऊ?’’ त्यांनी विचारलं. ययाती नावाच्या राजाची गोष्ट आहे, असं मी सांगितलं. ‘‘राजा शे का? मंग त्याले काय उधारीनी चिंता!’’ एवढं म्हणून त्यांनी पावती टोपीत खोचली आणि ते गाडीकडे वळले.

खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची. तिला ज्ञानपीठ मिळालं, पिढ्यांनी ती वाचली. वासना आणि विवेक यांच्या ओढाताणीत मीही रमलो होतो. पण त्या म्हाताऱ्यांनी घातलेला खोडा काही निघेना. तेव्हापासून कुठलीही कादंबरी उघडली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या घरात पैसा कुठून येतो, आणि ते कोणाचं देणं लागतं? हिशेबनिसाची ही खोड आहे, हे कबूल. तरी या एका प्रश्नाने मराठी कादंबरीबद्दल मला जेवढं शिकवलं, तेवढं बऱ्याच प्रस्तावनांनी शिकवलं नाही.

प्रश्न माझा असला तरी तक्रार जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव धुळ्याला संशोधन मंडळामुळे घरोघरी ठाऊक आहे; १९२६ साली त्यांचा देह याच शहरात पडला. पण याच राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या नावाचा निबंध लिहिला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. अद्भुताच्या नादी लागलेल्या कादंबरीला त्यांनी वास्तवाच्या कसाला लावलं. दप्तरं, रुमाल, जमाखर्चाचे कागद यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने कादंबरीकडेही कागद तपासण्याच्या नजरेने पाहिलं, यात नवल नाही. पुढे आमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती तीन जुन्या पुस्तकांच्या नावांनी ओळखल्या: ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१). समाजाला भिडणारी, मन रिझवणारी आणि इतिहासात जाणारी, अशी ढोबळ विभागणी मी मनाशी करून ठेवली आहे. वाचनालयाच्या कपाटासमोर उभं राहिलं की आजही ती कामी येते. मधलं आणि शेवटचं पुस्तक सदैव बाहेर गेलेलं असतं. पहिलं जागेवर सापडतं.

शेवटच्या खान्यातली पुस्तकं मीही हावरटासारखी वाचली आहेत. ‘स्वामी’ आली १९६२ला. इतिहासातल्या माधवराव पेशव्यांच्या डोक्यावर पानिपतानंतरच्या कर्जाचा डोंगर होता. कादंबरी मिटल्यावर माझ्यापाशी उरली ती रमा-माधवाची जोडी. ‘मृत्युंजय’ने कर्णाचं दुःख घराघरात नेलं. या कादंबऱ्यांची भाषा जरीकाठी आहे, आणि सणाला जरीकाठ हवाच. बिघडलं ते पुढे. या दोन यशांच्या जोरावर आलेल्या डझनावारी पुस्तकांनी रोजच्या वापरातही जरच काढली. युद्ध आहे, पण सैन्याचा शिधा कोणी पुरवला याचा पत्ता नाही. राजवाडा आहे, पण सारा कोणी भरला ते गुलदस्त्यात. ययातीच्या उधारीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

याउलट ज्या पुस्तकाकडे आपण केवळ संस्कारांचं पुस्तक म्हणून पाहतो, त्यात हिशेब चोख आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक, तिथल्या वसतिगृहाचे चालक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली, आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढली. कथा कोकणची, सांगणारा खानदेशात राबलेला. तिला कादंबरी म्हणावं की नाही, यावर पंडितांनी भांडावं. लहानपणी मी आईसाठी रडलो. काट्यावर बसू लागल्यानंतर पुन्हा वाचली, तेव्हा नजर वसुलीला आलेल्या सावकाराच्या माणसावर खिळली. त्या घरातला प्रत्येक संस्कार कर्जाच्या सावलीत होतो. पोराने मनाने मोठं व्हावं, हा आईचा हट्ट हा धनाने लहान होत चाललेल्या घराचा हट्ट आहे. ते कर्ज वजा केलं तर उरतात त्या नुसत्या बोधकथा.

मग नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३ साली आलेल्या या कादंबरीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की आणखी भर घालायला संकोच वाटतो. तिच्यातल्या तुटलेपणावर, विनोदावर, तारुण्याच्या वैतागावर सगळे बोलतात. मला ती खानदेशातल्या बापाच्या पैशाची कादंबरी वाटते. सांगवीकरांचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो, हात सैल सोडतो, देणं करून बसतो. गावाकडचा बाप मनिऑर्डर पाठवतो आणि एकेका रुपयाचा जाब मागतो. जळगाव-धुळ्याच्या ज्या पोरांना पुण्यात खोली करून दिली गेली, त्या प्रत्येकाने हा जाब ऐकला आहे. पदवीशिवाय परतलेला मुलगा म्हणजे आमच्याकडे बुडीत खात्यात टाकलेली रक्कम. आणि याच पुस्तकात धाकट्या मनीचा मृत्यू येतो तेव्हा सगळी खतावणी कोलमडते. ती रक्कम कुठल्याच नावावर टाकता येत नाही. हिशेबी बाप आणि बेहिशेबी मरण एकाच कादंबरीत मावतं, म्हणून ती मोठी.

नेमाड्यांच्याच चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्यांची नावंच पाहा: ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’, ‘हूल’. जरीला म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला कापसाचं वाण आठवतं, झूल म्हटलं की पोळ्याचा बैल. गावोगावच्या कॉलेजांत नोकरी करत, भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या या मास्तराच्या पगाराचं, कॉलेजच्या संस्थेतल्या राजकारणाचं आणि जातीच्या तराजूचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. २०१०च्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’बद्दल मात्र माझं मन दुभंगतं. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून बापाच्या मरणापर्यंत येणारा खंडेराव, त्याचं मोरगाव, शेती, बलुतेदारी, जाती-जमाती हा सगळा पसारा अफाट आहे. काही पानं वाचताना आमच्या मागच्या दाराचं अंगण दिसलं. पण खळ्यात माल ओसंडत असताना मधेच वाटतं, आपण रोजमेळ वाचत नसून साठ्याची यादी वाचतोय. वस्तू मोजल्या जातात, व्यवहार थांबतो. अडगळ समृद्ध असली तरी तिच्यातून वाट काढावीच लागते.

खानदेशच्या शिवेपलीकडे दोन घरं आहेत, ती मला माझ्याच पंचक्रोशीतली वाटतात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधलं (१९६०) एक. कौतिकचा नवरा महादेव शिंपी. शिवणकामात घर भागत नाही, मग रोग येतो, आणि संसाराचा सगळा भार तिच्या हातांवर पडतो. कौतिकच्या रोजच्या मजुरीतून उद्याची भाकर कशी निघते, हे शेळके इतकं जवळून दाखवतात की वाचताना आपल्याच कनवटीला हात जातो. दुसरं घर सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधलं (२००२), बुलढाण्याकडचं. एकनाथ शिकलेला, पण नोकरीच्या बाजारात चढलेला भाव घराला परवडत नाही. शेतीत घातलेलं परत येत नाही. बोदवड-जामनेरच्या रस्त्याने जाताना अशी घरं मी मोजत आलोय. साहित्य अकादमीने ‘बारोमास’चा गौरव केला, तेव्हा आमच्या काट्यावर त्याची वार्ता कोणाला नव्हती, काट्यावर उभा असलेला निम्मा कापूस मात्र एकनाथच्याच घरचा होता.

इथपर्यंत माझी कसोटी छान चालते. पण कसोटी लावणाऱ्याने ती जिथे मोडते ते पुस्तकही सांगावं. माझ्यासाठी ते विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून मुंबईकडे येणारं जहाज, त्यावर चक्रधर आणि नाझींच्या जर्मनीतून निसटलेली ज्यू मुलगी हॅर्टा. माझ्या सवयीप्रमाणे मी तिकिटाचे पैसे शोधत बसलो आणि पन्नासेक पानांनंतर वही बाजूला ठेवली. त्या मुलीला उतरायला जमीनच नाही, तिथे शिलकेची चौकशी कोण करणार? एवढीशी ती कादंबरी. पण माणसाकडे खातं असण्याआधी त्याला उभं राहायला जागा लागते, हे तिने मला शिकवलं.

‘रणांगण’ने दिलेल्या या धड्यानंतर मी जुनीच पुस्तकं उलटी वाचू लागलो. ज्यांचं खातंच उघडलं गेलं नाही, ते कुठे आहेत? विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) तारेच्या कुंपणाआड कोंडलेल्या, सरकारी दप्तरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची. अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ (१९५९) दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. सावकारी वहीत जो दरोडा, तो त्या वस्तीच्या वहीत जेवण. खानदेश-निमाडच्या डोंगरांत तंट्या भिल्लाने सावकारांना कापरं भरवलं. १८८९ साली जबलपूरला त्याला फाशी दिलं. बाबा भांड यांनी त्याच्यावर कादंबरी लिहिली. ही पुस्तकं नेमाड्यांच्या कादंबऱ्यांशेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आमच्या भागाची थोर कादंबरी ही जमिनीच्या मालकाच्या मुलाने लिहिलेली वही आहे. प्रामाणिक, स्वतःवर हसणारी, बापाशी भांडणारी, पण मालकाचीच. सालदार, भिलाटीतला गडी, वेचणीला येणारी बाई या वहीत येतात ते बहुधा खर्चाच्या बाजूला.

भाषेचंही तेच. अहिराणी, लेवा गणबोली, तावडी यांचं कौतुक सभांमधून ऐकू येतं. कादंबरीत मात्र बोली अवतरणचिन्हांच्या आत राहते. पात्राने तोंड उघडलं की अहिराणी, निवेदकाने सूत्रं घेतली की प्रमाण मराठी. शेतकऱ्याला ओट्यावर बसवून मालकाने खुर्चीत बसावं, तशी ही बैठक आहे. मीही हा लेख त्याच खुर्चीत बसून लिहितोय आणि शिरपूरच्या म्हाताऱ्यांना अवतरणात ठेवलंय, हे मला दिसतं.

साहित्याचे मांडव आमच्याकडे कमी पडले नाहीत. १९३६ला जळगावी माधव जूलियन अध्यक्ष होते, १९४४ला धुळ्यात मामा वरेरकर, १९५२ला अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी, १९८४ला पुन्हा जळगावात शंकरराव खरात. २०२४ला अमळनेरच्या संमेलनाचे अध्यक्ष रवींद्र शोभणे स्वतः कादंबरीकार, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही भरलं. वरेरकरांनी गिरणी कामगारांवर ‘धावता धोटा’ लिहिली होती. अमळनेरच्या प्रताप मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांची तशी कादंबरी मी शोधतोय. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जातात. घड कापणारा, वाहणारा, दलाल, वॅगन भरणारा ही साखळी एखाद्या रशियन कादंबरीला पुरेल एवढी माणसं पोसते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत चार प्रांतांच्या भाषा एका नळावर भांडतात. जळगावच्या सराफ बाजारात एकीची मोड दुसरीचा दागिना होते. नर्मदेच्या पाण्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली गावं गेली. विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची जी दैना मांडली, ती तिथे पावरी आणि भिली बोलणाऱ्यांनी भोगली. एवढा कच्चा माल पडून आहे. कादंबरी म्हणजे तरी काय, कच्च्या मालातून सरकी वेगळी काढणंच. ते यंत्र आमच्याकडे आहे, आणि ते चालतं हे ‘कोसला’ने साठ वर्षांपूर्वीच दाखवलंय.

आता माझ्या वहीतली एक नोंद. जिनिंगच्या आवारात कवडी कापूस निवडायला बाया येत. त्यांची हजेरी मी लिहायचो: ‘बाया ११’, पुढे दर, पुढे रक्कम. वर्षानुवर्षं हीच ओळ, फक्त आकडा कमी-जास्त. ‘धग’ संपवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती ओळ लिहायला बसलो आणि लेखणी अडली. मुकादमाला म्हटलं, नावं सांग. तो हसला. ‘‘भाऊ, नावाचं काय करता, रोज तर सारखाच आहे.’’ त्याचं बरोबर होतं; वहीत नावाचा रकानाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन विचारलं. दोघी-तिघींनी आधी नवऱ्याचं नाव सांगितलं, मग शेजारणीने कोपराने ढोसल्यावर स्वतःचं. ती अकरा नावं मी ‘धग’च्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली. प्रत माझी होती, वाचनालयाची नव्हे. पान पिवळं पडलंय, शाई वाचता येते. त्यांतल्या एकीचीही कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.